पात्र कोण, योग्य कोण?

मराठी भाषेत 'पात्र' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पात्र म्हणजे भांडे आणि पात्र म्हणजे एखाद्या गोष्टीस लायक असलेली व्यक्ती. जे काही धारण करू शकते ते पात्र, मग धारण करावयाचे ते पाणी असो वा जबाबदारी. पवित्र शास्त्रालाही ही प्रतिमा परकी नाही. दमास्कसच्या वाटेवर दृष्टी गमावलेल्या शौलाविषयी प्रभू हनन्याशी बोलतो, तेव्हा तो त्याला आपण निवडलेले पात्र म्हणून ओळखतो. आणि हाच शौल पुढे पौल होऊन करिंथकरांना लिहितो, तेव्हा आपण सारी मातीची भांडी आहोत याची आठवण करून देण्यास विसरत नाही. भांडे असणे वेगळे आणि ते चांगल्या गोष्टीने भरलेले असणे वेगळे. पहिल्यास आपण पात्रता म्हणू, दुसऱ्यास योग्यता. व्यवहारात आपण या दोहोंची सरमिसळ करतो आणि तेथूनच पुष्कळ घोटाळे सुरू होतात. देशाच्या सर्वोच्च पदाच्या संदर्भात हा भेद तपासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भारताचा राष्ट्रपती होण्यासाठी काय लागते, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाने घरात विचारला तर वडीलधारी मंडळी बहुधा मोठी यादी सांगू लागतील: पुष्कळ शिक्षण, राजकारणाचा अनुभव, मोठ्यांच्या ओळखी, पैसा. राज्यघटनेची यादी मात्र फारच लहान आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ५८व्या कलमात तीन अटी आहेत. उमेदवार भारताचा नागरिक असावा. त्याच्या वयाला पस्तीस वर्षे पूर्ण झालेली असावीत. आणि लोकसभेवर निवडून येण्यास तो पात्र असावा. याखेरीज सरकारी सेवेतील लाभाचे पद त्याच्याकडे नसावे. लोकसभेस पात्र असणे याचा व्यवहारातील अर्थ असा, की देशातील कोणत्या तरी मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे, आणि न्यायालयाने मनोविकल वा नादार ठरविणे, ठरावीक गुन्ह्यांबद्दल शिक्षा होणे यांसारख्या कारणांनी तो बाद झालेला नसावा.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीसाठी १९५२ मध्ये झालेल्या कायद्याने पुढे आणखी काही कुंपणे घातली. १९६७ च्या निवडणुकीत तब्बल सतरा उमेदवार उभे राहिले आणि त्यांतील कित्येकांना एकही मत मिळाले नाही. अशा हौशी उमेदवारीस आळा बसावा म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक यांची अट आली. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी पन्नासवर नेण्यात आली आणि अनामत रक्कम पंधरा हजार रुपये झाली. हे सूचक-अनुमोदक खासदार वा आमदार असावे लागतात, त्यामुळे मोठ्या पक्षाचा आधार नसलेल्या माणसास ही अट ओलांडणे जवळजवळ अशक्य आहे. तरीदेखील हे ध्यानात घ्यावे, की हे कुंपण उमेदवाराच्या पाठिंब्याचे मोजमाप करते, त्याच्या कुळाचे वा धर्माचे नव्हे.

राज्यघटनेने काय विचारले आहे त्यापेक्षा काय विचारलेले नाही, हे अधिक बोलके आहे. तिने शिक्षण विचारलेले नाही, मालमत्ता विचारलेली नाही, जात विचारलेली नाही, मातृभाषा विचारलेली नाही. स्त्री की पुरुष हे विचारलेले नाही. देवावर श्रद्धा आहे का, हेही विचारलेले नाही. पदाची शपथ ईश्वराला स्मरून घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, अशी दोन्ही दारे तिने खुली ठेवली आहेत. जन्म कोठे झाला हेदेखील ती विचारत नाही. सकाळी मानसरोवर स्थानकावर हार्बर मार्गाची गाडी गाठण्यासाठी कामोठ्याच्या सेक्टरांतून जी गर्दी लोटते, तिच्यात पस्तिशी ओलांडलेल्या, यादीत नाव असलेल्या आणि सरकारी नोकरीत नसलेल्या जवळजवळ प्रत्येक नागरिकास भारताचा राष्ट्रपती होण्याची पात्रता आहे. सेक्टरातील परिचारिका पात्र आहे, रिक्षाचालक पात्र आहे, भाड्याच्या खोलीत राहून शिकवण्या घेणारी बाई पात्र आहे. हे वाचून हसू यावे, इतके ते आपल्याला अविश्वसनीय वाटते. हसू का येते, हाच आमचा प्रश्न आहे.

कामोठे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या इतिहासातच या प्रश्नाची मुळे दडलेली आहेत. जिल्ह्याला ज्या गडाचे नाव मिळाले त्या गडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. ज्याने स्वतःच्या मनगटाच्या जोरावर राज्य उभे केले, त्या पुरुषाला सिंहासनावर बसण्यापूर्वी आपले क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले. जन्मावर शंका घेण्यात आली, काशीहून गागाभट्ट आले, आधी मुंज झाली आणि मग अभिषेक. योग्यता साऱ्या मुलखाने डोळ्यांनी पाहिली होती. अडले होते ते पात्रतेपाशी, आणि त्या काळी पात्रता म्हणजे कूळ.

त्याच रायगडाच्या पायथ्याच्या तालुक्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. या घटनेतील एक तपशील अनेकदा नजरेआड होतो. ते तळे तेव्हा कायद्याने बंद नव्हते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि त्यानुसार महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर तळे खुले होते. काठावर मात्र ते बंदच होते; आणि पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. कायद्याने दार उघडणे ही एक गोष्ट आणि माणसांनी ते उघडे राहू देणे ही दुसरी, हे बाबासाहेब महाडला शिकले असे नव्हे, ते त्यांना आधीच ठाऊक होते. पण साऱ्या देशाला ते महाडने दाखविले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने ज्या घटनेचा मसुदा तयार केला, तिच्यात सर्वोच्च पदासाठी जन्माचा एकही दाखला मागितलेला नाही. १६७४ आणि १९२७ यांचे स्मरण ठेवून ५८वे कलम वाचले, म्हणजे त्याच्या आटोपशीरपणामागचा अर्थ कळतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. इतक्या मोठ्या पदासाठी इतक्या थोड्या अटी पुरेशा आहेत का? साध्या कारकुनाच्या जागेसाठी पदवी मागणारे राष्ट्र आपल्या प्रथम नागरिकाकडे चारित्र्याचा दाखलाही मागत नाही, हे योग्य आहे का? खालच्या पायरीवर अटी आहेतच. गृहनिर्माण संस्थेचा थकबाकीदार तिच्या कार्यकारिणीवर येऊ शकत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी दोन अपत्यांची अट घातली गेली. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याने आई-वडिलांची उमेदवारी बाद होऊ लागली. हरियानाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शाळेच्या इयत्तांची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती वैध ठरविली. परिणाम असा विचित्र, की तीन लेकरांची आई पालिकेची निवडणूक लढविण्यास अपात्र आणि राष्ट्रपती होण्यास पात्र! शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरी सरपंच होऊ शकत नाही, राष्ट्रपती मात्र होऊ शकतो.

हा विसंगतपणा पाहून काहींना वाटेल, की वरच्या पदालाही अशाच अटी लावाव्यात. आम्हांस नेमके उलटे वाटते. अट जितकी गुणांची भाषा बोलते, तितकी ती बहुधा दुबळ्यांवर पडते. शिक्षणाची अट सधनाच्या मुलाला अडवीत नाही. ती अडविते ज्या मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी चौथीतून काढले तिला. पेत्र आणि योहान यांना धर्मसभेपुढे उभे केले, तेव्हा ही अशिक्षित, सामान्य माणसे आहेत हे पाहून सभेतील विद्वान चकित झाले होते. इयत्तेची अट तेव्हा असती तर ख्रिस्तसभेच्या पहिल्या मेंढपाळाला प्रवेशदारातूनच परत पाठवावे लागले असते.

ख्रिस्तसभा मात्र आपल्या पदांना अटी लावते, असे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सभेचा अध्यक्ष कसा असावा याचे सविस्तर वर्णन आहे: सौम्य, संयमी, आतिथ्यशील, पैशाचा लोभ नसलेला, घरचा कारभार नीट पाहणारा. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातही महागुरूपदासाठी दृढ श्रद्धा, सदाचार, शहाणपण, शास्त्राचे सखोल ज्ञान, किमान पाच वर्षांची धर्मगुरूपदाची सेवा यांचा उल्लेख आहे. आणि वयाची अट आहे पस्तीस वर्षांची. आपल्या राज्यघटनेचा आणि धर्मसभेच्या कायद्याचा आकडा एकच असावा, हे वाचकांना गंमतीचे वाटेल. पण आणखी वर, खुद्द पोपपदाकडे पाहावे. तेथे लिखित अटी कमी होत जातात. निवडून आलेला माणूस महागुरू नसेल तर त्याला ताबडतोब महागुरूदीक्षा द्यावी, एवढेच कायदा सांगतो. तो कार्डिनल असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. १३७८ नंतर कार्डिनल नसलेला कोणी पोप झालेला नाही, पण तो परिपाठ आहे, कायदा नव्हे. अटी कमी करून त्यांच्या जागी धर्मसभेने काय ठेवले आहे? मतदाराची शपथ. मायकेलॅन्जेलोने रंगविलेल्या अंतिम न्यायाच्या भव्य चित्राखाली उभा राहून प्रत्येक कार्डिनल, आपला न्याय करणाऱ्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगतो, की देवासमोर जो योग्य वाटतो त्यालाच मी मत देत आहे.

आमच्या मते राज्यघटनेचा विचारही याच जातीचा आहे. चारित्र्य कायद्यात लिहिले की ते तपासणारा अधिकारी नेमावा लागतो. मग त्या अधिकाऱ्याचे चारित्र्य कोणी तपासावे? सत्तेवर असलेला माणूस प्रतिस्पर्ध्याला 'चारित्र्यहीन' ठरवून बाद करण्यास किती वेळ लावील? म्हणून शहाणा कायदा पात्रता तेवढी स्वतःकडे ठेवतो आणि योग्यतेचा निवाडा मत देणाऱ्यांच्या विवेकावर सोपवितो. अटी थोड्या असणे म्हणजे बेफिकिरी नव्हे. तो मतदारांवर टाकलेला विश्वास आहे, आणि म्हणूनच ओझेही आहे.

हे ओझे आपले सर्वांचे आहे, पण ते आपण दुसऱ्यांच्या हातून उचलतो. राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य देतात. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. राज्याची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने, म्हणजे २८८ ने, भागून मग हजाराने भागायचे, असा हा हिशेब आहे. त्यात धरलेली लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती तशीच धरायची आहे. १९७१ मध्ये कामोठे हे भातशेतीचे गाव होते; नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. आज येथील इमारतींतून राहणारी हजारो कुटुंबे त्या आकड्यात नाहीत. तरी पनवेलचा आमदार जे मत देतो ते त्यांच्याही वतीने. आपण विधानसभेला ज्याला निवडतो, त्याच्या विवेकाची प्रत आपणच ठरवीत असतो.

योग्यता असूनही माणूस निवडला जात नाही, हे दुःखही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पदापेक्षा विवेक मोठा मानणारी अशी माणसे मोजकीच असतात. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. पहिल्या पसंतीची त्यांची मते भरली १,१२,७६९; व्ही. व्ही. गिरी यांची ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांची ३,१३,५४८. दुसऱ्या पसंतीची मते मोजून गिरी विजयी झाले. विजेत्याच्या योग्यतेवर आम्ही शंका घेत नाही. एवढेच म्हणतो, की त्या वर्षी देशात चर्चा झाली ती पक्षांतील फुटीची. तीन उमेदवारांपैकी कोणाचे पात्र कशाने भरले आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शास्ते या ग्रंथातील योथामची झाडांची कथा वाचकांना आठवत असेल. झाडे राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपापले काम सोडायला तयार नसतात. शेवटी काटेरी झुडूप आनंदाने तयार होते. कथेचा दोष आपण झुडुपाला देतो. पण चांगल्या झाडांनी नकार दिला, आणि मागणाऱ्यांनी झुडुपापर्यंत जाणे पसंत केले, हाही कथेचाच भाग आहे.

आता जन्माच्या अटीकडे वळू. मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर या तिघांनी आपल्याच पक्षापुढे मागणी मांडली, की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्माने भारतीय असलेल्यांनाच मिळावीत, यासाठी घटनादुरुस्ती करावी. त्या वादातून महाराष्ट्राचे राजकारणच बदलून गेले. त्यातील पक्षीय बाजू येथे बाजूला ठेवू; तत्त्व तेवढे पाहू. अमेरिकेच्या घटनेत अशी अट आहे: राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असावा, पस्तीस वर्षांचा असावा आणि चौदा वर्षे देशात राहिलेला असावा. जुन्या करारातही आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात, राजा आपल्या बांधवांतूनच निवडावा, परक्याला नेमू नये, असा दंडक आहे. देशावरील निष्ठेची काळजी ही खोटी काळजी नाही. एका परक्या सत्तेखाली दीडशे वर्षे काढलेल्या देशाला ती वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु त्याच अध्यायात पुढे काय आहे ते पाहावे. राजाने घोडे वाढवू नयेत, सोने-रुपे साठवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे त्याचे हृदय आपल्या भावांपेक्षा वर चढणार नाही. जन्माची अट एका वाक्यात संपते. वागणुकीची अट रोज पाळायची आहे. आणि शास्त्राने आपल्याच दंडकाला मोठ्या प्रेमाने उत्तर दिले आहे. रूथ मवाबी होती, परकी होती. सासूचा हात धरून ती बेथलेहेमला आली, तिचे लोक तिने आपले मानले. तिचा पणतू दावीद, आणि संत मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव सन्मानाने आले आहे. निष्ठा जन्माने येते तशी ती वचनानेही येते. बाप्तिस्म्यावर श्रद्धा असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. आपल्यापैकी कोणीही जन्माने ख्रिस्ती नसतो, प्रत्येकाला ख्रिस्ती व्हावे लागते.

जन्माच्या प्रश्नात आणखी एक धोका आहे. तो परक्या देशापासून सुरू होतो आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. ज्या ईशान्य भारतातून संगमा आले, तेथील तरुण-तरुणींना आपल्या महानगरांत 'तुम्ही कोणत्या देशाचे?' असे विचारले जाते, हे कटू सत्य आहे. कामोठ्यातही मूळचे कोण आणि बाहेरचे कोण ही कुजबुज नवी नाही. ज्या आगरी-कोळी कुटुंबांच्या शेतांवर ही वसाहत उभी राहिली, त्यांच्या त्यागाची जाणीव येथे घर घेणाऱ्या प्रत्येकाने ठेवलीच पाहिजे. ते ऋण आहे. पण ऋण मान्य करणे वेगळे आणि कोणाचा शब्द अधिक मोलाचा हे जन्मगावावरून ठरविणे वेगळे.

धर्माची अट तर याहून नाजूक आहे, कारण ती आपल्या बाजूनेही असू शकते. अर्जेंटिनाच्या १८५३ च्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष कॅथलिक असणे बंधनकारक होते. १९९४ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष असलेले कार्लोस मेनेम हे सीरियातून आलेल्या मुस्लिम कुटुंबात जन्मले होते आणि त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. त्यांचे अंतःकरण देवाला ठाऊक. पण अट होती म्हणूनच त्यांच्या श्रद्धेकडे जग संशयाने पाहू शकले. पद मिळविण्याची पायरी झाली की श्रद्धेचे साक्षीपण जाते. लेबनॉनमध्ये १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्षपद मॅरोनाइट कॅथलिकांकडे असते. त्या राखीव खुर्चीने तेथील ख्रिस्ती जनतेला १९७५ ते १९९० या यादवी युद्धापासून वाचविले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा दिला त्याचे मर्म हेच, की श्रद्धेला सत्तेची बळजबरी मानवत नाही, मग ती सत्ता आपली का असेना.

उलट बाजूही पाहू. अमेरिकेच्या घटनेत कोणत्याही पदासाठी धर्माची परीक्षा घेऊ नये असे स्पष्ट कलम आहे. तरी १९२८ मध्ये आल्फ्रेड स्मिथ या कॅथलिक उमेदवाराविरुद्ध त्याच्या धर्माचा उघड प्रचार झाला आणि तो हरला. १९६० मध्ये जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे उभे राहून आपल्या निष्ठेचा खुलासा करावा लागला. कलम लिहून १७० हून अधिक वर्षे झाली होती. चवदार तळ्यासारखेच हे: कागदावर खुले, काठावर बंद.

आपल्या देशातही काठ हळूहळूच मोकळा झाला आहे. १९५० मध्ये एकाच दिवशी सर्वांना दार उघडले, पण के. आर. नारायणन यांच्या रूपाने दलित समाजातील व्यक्ती राष्ट्रपती होण्यास १९९७ उजाडले. जळगावच्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या २००७ मध्ये. आदिवासी समाजातील द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये त्या पदावर आल्या. २०१२ मध्ये संगमा, जे गारो आदिवासी आणि कॅथलिक होते, प्रणव मुखर्जींच्या विरोधात उभे राहिले. त्यांना ३,१५,९८७ मते मिळाली, मुखर्जींना ७,१३,७६३. हा पराभव पक्षांच्या गणिताचा होता, धर्माचा नव्हे, असे आम्ही मानतो. आणि तसे मानता येणे हेच या देशाचे भाग्य आहे.

घटना समितीत आपल्या माणसांनी काय निवडले होते, हे या संदर्भात आठवावे. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा सदस्य होते. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडून देण्याचा प्रश्न आला, तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यास पाठिंबा दिला. वेगळी खुर्ची नको, बंद दार नको. बांधवांच्या सद्बुद्धीवर आमचा भरवसा आहे, असा त्याचा आशय होता. हा भरवसा एका बाजूने पाळता येत नाही. आपण देशाकडून जे मागतो, ते आपणही दिले पाहिजे.

येथे आमचे वाचकांशी थोडे स्पष्ट बोलणे आहे. नवी मुंबईच्या धर्मग्रामांत वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची, तामिळनाडूची, मराठवाड्याची कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. धर्मग्राम मंडळावर कोणाला घ्यावे, संघटनेचा अध्यक्ष कोण व्हावा, असा प्रश्न आला की नियमावली काय मागते? बाप्तिस्मा, वय, सेवेची तयारी. आणि मिस्सेनंतर आवारात आपण काय विचारतो? तो कुठला? कोणाच्या घरचा? कोणती भाषा बोलतो? त्याचे आजोबा ख्रिस्ती होते की ते अलीकडचे? शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा निवडायला गेला, तेव्हा थोरल्या अलियाबची उंची पाहून तोही क्षणभर भुलला. ज्याची निवड व्हायची होती त्या धाकट्याला तर घरच्यांनी बोलावलेदेखील नव्हते. तो मेंढरे राखीत होता. दावीदाला बाहेर ठेवणारे शत्रू नव्हते, सख्खे बाप-भाऊ होते.

आणि दुसरी गोष्ट. आपली मुलगी राष्ट्रपती होण्याची, खासदार होण्याची वा नगरसेवक होण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हा घरातून उत्तर येते, 'आपल्याला कोण विचारतो? तू आपली परदेशी नोकरी पाहा.' घटनेने जे दार लावलेले नाही, ते आपण आतून कडी घालून लावतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने राजकारणाची कठीण पण उदात्त कला ज्यांना साधेल त्यांनी तिची तयारी करावी, असे श्रद्धावंतांना सांगितले आहे. तयारी म्हणजे पक्षाचा झेंडा खांद्यावर घेणेच नव्हे. इमारतीच्या सर्वसाधारण सभेस वेळेवर जाणे, हिशेब वाचणे, पाण्याच्या प्रश्नावर सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांबरोबर उभे राहणे, आपले म्हणणे हरले तरी पुन्हा सभेला येणे, ही ती तयारी. पात्र असेच घडते, रोजच्या वापराने.

तेव्हा घरातल्या मुलाने तो प्रश्न विचारलाच, तर त्याला घटनेच्या तीन अटी सांगाव्यात. नागरिक हो, पस्तीस वर्षांचा हो, मतदार यादीत नाव असू दे. तिसरी अट आपल्यालाही लागू आहे. कामोठ्यास राहावयास येऊन वर्षे लोटली तरी नाव जुन्या गावच्या यादीत किंवा कोठेच नाही, अशी कुटुंबे आपल्यात असतील, तर पुढच्या मतदार नोंदणीच्या वेळी नमुना भरण्याचे काम एकमेकांच्या मदतीने उरकून घ्यावे. आणि मुलाला हेही सांगावे, की या तीन अटी पुऱ्या झाल्या म्हणजे तू पात्र झालास. योग्य आहेस की नाही, हे तुझ्याबरोबर राहणारी माणसे ठरवतील, आणि त्यांनी ते तुझ्या आडनावावरून ठरवू नये असे तुला वाटत असेल, तर तूही कोणाचे तसे ठरवू नकोस.